मागचा मुक्काम

लाखेचा वास आला की आजही मी उठून खिडकी उघडतो. नोकरीत मुद्देमालाची शेकडो पाकिटं सील केली असतील, पण आठवण एकाच पाकिटाची येते. त्यात एक दोनशे पानी वही होती. ती मी स्वतःच्या हातानं सील केली, आणि त्या शहाणपणापायी एक बाई मरता मरता राहिली.

सातारा जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. ठाणं कुठलं ते पुढं कळेलच, पण माणसांची नावं सांगणार नाही. चूक माझी होती. ती सांगताना दुसऱ्यांना कशाला चव्हाट्यावर आणू?

स्ट्रॉबेरीचा हंगाम होता. हंगामात आमच्याकडे रोज कोणी ना कोणी हरवतं आणि तासाभरात मक्याचं कणीस खाताना सापडतं. त्यामुळं सकाळी साडेअकराच्या सुमाराला पंधरा-वीस म्हातारी माणसं ठाण्याच्या आवारात शिरली, तेव्हा ठाणे अंमलदारानं नुसती मान वर केली. पुढं चाळिशीतला एक गडी होता. त्यानं दुसऱ्या एका किडकिडीत माणसाची कॉलर धरली होती, आणि त्या किडकिडीत माणसानं बगलेत एक वही धरली होती.

"साहेब, माझी आई गेली," तो गडी म्हणाला. "ह्येनं घालवली."

मंडळी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडची, माणदेशातली होती. सगळे मेंढपाळ, आता थोडी थोडी शेती करणारे. चार दिवसांची सहल काढून निघाले होते: वाईचा गणपती, पाचगणी, महाबळेश्वर, पुढं कोकण. किडकिडीत माणूस म्हणजे टूरवाला. सकाळी पाचगणीच्या बाजारात सगळे उतरले. बस उभी करायला जागा नव्हती, म्हणून वाहतुकीच्या शिपायानं ती पुढं हलवायला लावली. तेवढ्यात त्या गड्याची आई बस होती तिथं परत आली असावी. बस दिसली नाही, आणि त्यानंतर आई कुणालाच दिसली नाही.

वर्णन लिहून घेतलं. वय सत्तरच्या पुढं, हिरवं नऊवारी लुगडं, गळ्यात सोन्याची बोरमाळ, हातात काठी. जवळ फोन नाही. नाव-पत्त्याचं ओळखपत्र टूरवाल्यानं दिलं होतं, पण "मी काय जत्रंतलं पोर हाय व्हय?" म्हणून तिनं ते बसमधल्या पिशवीत ठेवून दिलं होतं.

"साहेब, तिला साखरंचा आजार हाय," तिचा लेक म्हणाला. "सकाळची सुई दिलीया. येळंवर खाल्लं न्हाई तर चक्कर यिऊन पडती. मागं दोनदा पडलीया."

मी आमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "इन्शुलिन घेतलंय आणि पोटात काही नाही, तर दुपारनंतर शुद्ध हरपू शकते. लोकांना वाटतं म्हातारी झोपलीय. कोणी उठवत नाही."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मिसिंग दाखल केली, स्टेशन डायरीला नोंद घातली, आजूबाजूच्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिला, घाटाच्या पायथ्याला नाकाबंदी लावली. दऱ्या उतरून शोध घेणारी इथली तरुण पोरं आहेत, त्यांना बोलावलं. बाजारातला सीसीटीव्ही बघितला तर नेमका गर्दीत चेहराच कळेना. हिरवी लुगडी चार होती.

साडेबाराला निनावी फोन आला. बोलणारा दबक्या आवाजात म्हणाला, "तो वहीवाला टूरवाला एका हिरव्या लुगड्यातल्या म्हातारीला दंडाला धरून झाडीकडं नेत होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." आणि फोन ठेवून दिला.

झाडीच्या पलीकडं सरळ कडा आहे. गळ्यातली बोरमाळ माझ्या डोळ्यांपुढं आली. मी टूरवाल्याला आत घेतला.

चौकशीच्या खोलीत मी नेहमी आधी चहा मागवतो. खोटं बोलणारा माणूस चहा गटागटा पितो, असा माझा अनुभव. यानं कपाला हातच लावला नाही.

"ऑफिस कुठं तुझं?"

"ऑफिस न्हाई साहेब. झेरॉक्सचं दुकान हाय. त्यातच."

"बोर्ड?"

"बोर्ड न्हाई."

मी त्याची वही ओढून घेतली. एका प्रवाशाला एक पान, बायकी वळणाचं अक्षर. पहिलं पान वाचलं: "लेक दुबईला. घरी एकटीच. दोन तोळे रोज अंगावर. वाचता येत नाही. कुणावर पण लगेच विश्वास टाकते." दुसरं पान: "नवरा वारल्यापासून बोलत नाही. गोड बोललं की खुलते. दुपारी गाढ झोप, पिशवी उशाला."

माझं डोकंच फिरलं. अहो, फसवणुकीचे गुन्हे मी काय कमी तपासले होते? कोण एकटं, कुणाच्या अंगावर किती, कोण भोळं. ही शिकारीची यादी नाही तर काय?

"कुणाला हेरायला लिहिलंस हे?"

"हेरायला न्हाई साहेब, मालकिणीनं—"

माझा हात उठला. एकच थप्पड मारली, पण मारली. लपवायचं कशाला? तो खुर्चीतून पडला नाही, ओरडलाही नाही. नुसता गालावर हात धरून बसला.

"झाडीकडं कुणाला नेलं होतंस?"

"त्या दुसऱ्या आजी हुत्या. बाहेर बसल्यात त्यातल्याच."

"कोण? नाव सांग."

त्यानं उघड्या दाराकडं बघितलं. बाहेर सगळी मंडळी कान देऊन उभी होती. "नाव सांगत न्हाई साहेब. शब्द दिलाय."

"कशाला नेलंस ते तरी सांग."

गप्प. एवढा घाबरलेला माणूस एवढ्या साध्या प्रश्नाला गप्प बसतो, म्हणजे पाणी मुरतंय. मी तरी तसंच धरलं. पोलिसाला गप्प माणसाचा फार राग येतो.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "साहेब, ती वही जरा द्या. म्हातारीचं पान बघू द्या. मी रोज सकाळी औषधा-खाण्यापुरतं बघतो, खालचं सगळं काय ध्येनात न्हाई. मालकीण सगळं लिहिती. काय तरी असंल त्यात."

"पुराव्याला हात लावायचा नाही," मी म्हणालो. पंच बोलावले, पंचनामा केला, वही पाकिटात घातली, लाख वितळवून ठाण्याची मोहोर मारली. त्याचा फोनही जप्त करून ड्रॉवरमध्ये टाकला. मी वहीची दोन पानं वाचली होती. म्हातारीचं पान तिसरं होतं.

थोड्या वेळानं ड्रॉवरमधला फोन थरथरायला लागला. हवालदारानं बघितलं. "साहेब, 'ऑफिस' असं नाव येतंय."

ऑफिस नाही म्हणाला होता ना? मग हे ऑफिस कुठलं? "उचलू नकोस," मी म्हणालो. "साथीदार असेल, सावध होईल. नंबर लिहून घे, कंपनीकडून त्याच्या कॉलची यादी, सीडीआर मागव." फोन थांबला की पुन्हा वाजायचा. दुपारभर तो माझ्या ड्रॉवरमध्ये असा गुरगुरत राहिला आणि आम्ही शहाणे त्याच्याकडं बघत राहिलो.

एक वाजला, दोन वाजले. दरीतली पोरं वॉकीटॉकीवरून सांगत होती, "काही नाही साहेब." दर वेळी ऐकून बरं वाटायचं आणि लगेच जास्त भीती वाटायची. आवारातल्या म्हाताऱ्यांना आम्ही भात-आमटी दिली. कुणी खाल्ली नाही. तो लेक भिंतीला डोकं टेकून उभा होता. मध्येच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब, ती येवढ्यात पडली असंल का?" मी म्हणालो, "नाही रे, कुणीतरी चहा पाजला असेल." मला स्वतःला ते खरं वाटत नव्हतं. थंडीत दिवस लवकर कलतो. तीन वाजल्यापासून मी दर पाच मिनिटांनी खिडकीतून ऊन बघत होतो. झाडाखाली बसल्या बसल्या मान टाकलेली म्हातारी आणि शेजारून फोटो काढत जाणारे लोक, हेच चित्र डोळ्यांपुढं यायचं.

चारच्या सुमाराला एक जीप आवारात शिरली आणि एक बाई उतरली. पस्तीस-छत्तिशीची, पायात साध्या चपला, पदर खोचलेला. ठाणे अंमलदार म्हणाला, "टूरवाल्याची बायको आहे."

आता इथं एक अनुभवाची गोष्ट सांगतो. आत टाकलेल्या माणसाची बायको ठाण्यात आली की पहिला प्रश्न ठरलेला: "माझा नवरा कुठं हाय?" त्यात गैर काही नाही. माणूस आहे, आधी आपलं बघणारच. ही बाई माझ्या टेबलापाशी आली, धाप लागलेली, आणि म्हणाली,

"आवं साहेब, आत्या सापडल्या का?"

मी नाही म्हणालो.

"मग काल मुक्काम कुठं पडला हुता?"

"मुक्काम? काल कुठं राहिले त्याचा काय संबंध?"

"संबंध हाय साहेब. ठरल्याली धर्मशाळा मी येता येता वाईत बघून आले. ती मानसं म्हणत्यात, तुमची बस आलीच न्हाई. सकाळी मालकांचा फोन आला, आत्या चुकल्या म्हणून. मी त्यास्नी वही बघा म्हणतेय तवर फोन तुटला. मग मी करत्येय करत्येय, कुणी उचलंना. त्यांच्या लेकाला लावला, तर त्यानं शिवी घालून ठेवून दिला. मुक्काम कुठं बदलला येवढं तरी सांगा मला!"

तिचा आवाज चढला होता. माझ्या टेबलासमोर असा आवाज चढवलेला मी कधी खपवून घेतला नव्हता. त्या दिवशी मी निमूट तिला बसायला खुर्ची दिली.

मग तिनं सांगितलं. ही मंडळी पिढ्यान् पिढ्या मेंढरं घेऊन फिरणारी. मेंढरं, घोडं, बायका-पोरं असा सगळा लवाजमा, त्याला ते वाडा म्हणतात. पहाटे वाडा उठतो, पुढं चालू लागतो. वाटेत एखादं माणूस मागं राहिलं, वाडा दिसेनासा झाला, तर त्यानं पुढं पळायचं नाही आणि परक्याला विचारत हिंडायचं नाही. काल जिथं मुक्काम होता तिथं परत जायचं आणि चुलीपाशी बसायचं. घरचं माणूस शोधत तिथंच येतं. ही रीत लहान पोरालासुद्धा ठाऊक असते.

"बस हलली म्हंजी आत्याच्या हिशेबानं वाडा उठला," ती म्हणाली. "आत्या मागं गेल्यात साहेब. तुमी सगळी पुढं हुडकताय."

"सत्तर वर्षांची बाई घाट उतरून चालत जाईल?"

"आवं, दरसाल शे-दीडशे कोस चालल्यात त्या. तुमी-आमी दमू."

मी लेकाला हाक मारली. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. तो आयटीआय शिकून कारखान्यात लागलेला. वाड्यामागं कधी चाललाच नव्हता. "बा सांगायचा हे," तो म्हणाला. "मला कसं सुचलं न्हाई?" आवारातल्या बाकीच्यांना ठाऊक होतं. पण आम्ही त्यांना काही विचारलं नव्हतं, आणि पोलिसांपुढं आपणहून कोण बोलतो?

मी टूरवाल्याला बाहेर काढला. मुक्काम कुठं होता विचारलं. धर्मशाळेचे संडास वरच्या मजल्यावर होते, म्हाताऱ्यांचे गुडघे धरतात, म्हणून त्यानं ऐनवेळी वाईच्या अलीकडं नदीकाठच्या शेतातलं एक मंगल कार्यालय घेतलं होतं. सकाळी बस निघाली आणि मालकानं कुलूप लावलं. वाई ठाण्याच्या पोलिसांनी एसटी स्टँड, देवळं सगळं बघितलं होतं. कुलूप लावलेलं कार्यालय कोण बघतो?

पंचांसमोर सील फोडलं. तिसरं पान काढलं. "खिडकी द्यावी, वाट बघत जाते. परक्याशी बोलत नाही. सकाळी सुई. चंचीत गुळाचे खडे दिलेत, खाण्याची आठवण करावी. चुकल्या तर मागच्या मुक्कामावर बघा, तिथंच बसतील." अक्षर सुबक होतं. मी ते दोनदा वाचलं. दुपारी एक वाजता ते माझ्या हातात होतं.

वाई ठाण्याची गाडी लांब होती, म्हणून आम्हीच निघालो; जीपमध्ये मी, ती दोघं नवरा-बायको आणि लेक. घाट उतरताना प्रत्येक वळणावर मी कठड्याकडं बघत होतो, हिरवं काही पडलेलं दिसतंय का. पायथ्याला नाकाबंदीवरच्या शिपायाला विचारलं, "काठी टेकत एखादी म्हातारी गेली का?"

"गेली ना साहेब, दोनच्या सुमाराला. पायी होती." मग त्याचा चेहरा उतरला. "आम्हाला गाड्या तपासायच्या होत्या."

आदेश माझाच होता.

कार्यालयाचं फाटक बंद होतं. लेकानं दगडी गडग्यावरून उडी मारली, आम्ही मागोमाग. इमारतीच्या पाठीमागं शेताकडची बाजू उघडीच होती. जिथं काल मंडळींनी भाकरी भाजल्या होत्या, तिथं तीन दगडांची चूल तशीच होती. तिच्यापाशी म्हातारी बसली होती, काठी शेजारी, डोकं गुडघ्यांवर. हलत नव्हती.

डॉक्टरांचं वाक्य मला आठवलं. लोकांना वाटतं झोपलीय. लेक "आये!" म्हणून ओरडला आणि तिच्यापुढं गुडघ्यांवर पडला.

म्हातारीनं हळूहळू मान वर केली. तोंड घामानं निथळत होतं, हात कापत होते. लेकाकडं बघितलं, मग आम्हा सगळ्यांकडं.

"किती येळ लावलासा रं?" ती म्हणाली. "मला वाटलं, वाडा लयच लांब गेला."

टूरवाल्याच्या बायकोनं तिला मांडीवर घेऊन साखरपाणी पाजलं. कमरेची चंची उघडून बघितली. पान-सुपारीबरोबर गुळाचा एकच खडा उरला होता. "पोरी, तू म्हणली हुतीस, गरगराय लागलं की खडा तोंडात टाक," म्हातारी म्हणाली. "टाकत टाकत आले बघ." ती बाई तोवर धीरानं वागत होती. ते ऐकून मात्र तिला रडू फुटलं. मी पाठ फिरवून नदीकडं बघत उभा राहिलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

म्हातारीला दवाखान्यात दाखल केलं. ठाण्यात येऊन डायरीला "मिळून आली" अशी नोंद घातली. मग त्या बाईनं मला बाजूला घेऊन, आवाज खाली करून, झाडीचा उलगडा केला. दुसऱ्या एका आजीला तासा-दोन तासाला लघवीला जावं लागायचं. सहलीला जावई बरोबर होता, त्याच्यादेखत बोलायची लाज. बाजारात सोय दिसेना, म्हणून टूरवाला त्यांना आडोशाला नेऊन पाठ करून उभा राहिला होता. "कुणाला सांगणार न्हाई म्हणून आजींना शब्द दिलावता," ती म्हणाली. "तो जावई तुमच्या दारातच हुबा हुता."

एका म्हातारीची लाज राखायला त्या माणसानं थप्पड खाल्ली होती. मी त्याच्याकडं गेलो. माफी मागायची सवय नव्हती. "चुकलं माझं" एवढंच कसंबसं म्हणालो. तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब, तुमीबी म्हातारीपायीच तापला हुता." त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? भोळं कोण, एकटं कोण, कुणाला काय दुखतं, ही माहिती घात करणाऱ्यालाही लागते आणि जपणाऱ्यालाही. नुसती यादी बघून दोघांतला फरक कळत नाही. त्यासाठी पुढचं पान वाचावं लागतं, समोरच्याचं बोलणं पुरं ऐकावं लागतं, आणि घाईला आलेल्या पोलिसाला नेमकं तेच नको असतं. आज लोक म्हणतात, तिकिटं मोबाइलवर मिळतात, खोल्या मोबाइलवर मिळतात, मग मधला माणूस हवाच कशाला? तिकिटापुरता नकोच. पण तुम्ही चुकलात तर कुठं जाऊन बसाल, हे ज्याला तुमच्या घरी येऊन विचारावंसं वाटतं, तो माणूस सोडू नये.

निवृत्तीनंतर मी कराडजवळ मलकापुरात राहायला आलो. मागच्या वर्षी बायकोनं हट्ट धरला, काशीला जायचं. पुतण्या म्हणाला, "काका, दहा मिनिटांत बुक करतो." मी त्याला गप्प बसवलं आणि जुन्या डायरीतून एक नंबर शोधून काढला. त्या दुपारी ड्रॉवरमध्ये 'ऑफिस' नावानं वाजत राहिलेला, 'सीडीआर मागव' म्हणून हवालदाराला लिहून घ्यायला लावलेला टूरवाल्याच्या बायकोचा नंबर.

ती बाई एसटीनं आली, वही घेऊन. सोफ्यावर न बसता स्वयंपाकघरात माझ्या बायकोजवळ बसली. गुडघे, गोळ्या, झोप, उपास, कोणतं तेल चालत नाही, तासभर चाललं होतं. मग नवं पान उघडून माझ्याकडं वळली.

"साहेब, तुमी घाबरलासा की काय करता?"

बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी चष्मा काढून पुसला. मग म्हणालो, "ओरडतो. हातपण उठतो कधी कधी. लिहा."

तिनं मान वर केली नाही. "मालकांना ठाऊक हाय," ती म्हणाली. "तरीबी लिवून ठेवते."